बोटाखालची ओळ

"सुवार्ता, माझं शास्त्र दे इकडं," आप्पा म्हणाले.

डॉक्टर ओहोळ खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी नुकतीच आप्पांच्या पायाची पट्टी सोडून पुन्हा बांधली होती आणि वास जावा म्हणून सिस्टरने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या. अंगठा केव्हाच कोळसा झाला होता. आता तो काळेपणा घोट्याच्या वर चढला होता आणि त्याच्या पुढे, नडगीवर, लाल चट्टे दिसत होते. एका बाभळीच्या काट्यातून एवढं सगळं झालं होतं. आप्पा कीर्तनाला अनवाणी उभे राहत, काटा मोडला तो शुगरमुळे त्यांना कळलाच नाही.

"मास्तर, शास्त्र नंतर वाचा," डॉक्टर म्हणाले. "आधी मला हो म्हणा. आज गुडघ्याखाली कापून भागेल. उद्या गुडघ्याच्या वर जावं लागेल. परवा मी चाकूला हात लावणार नाही, कारण त्याचा उपयोग नसेल."

"वाचत नाही डॉक्टर. विचारतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, काढून आप्पांच्या हातात दिलं. दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

आमच्याकडे याला वचन काढणं म्हणतात. डोळे मिटून प्रार्थना करायची, शास्त्र उघडायचं आणि न बघता पानावर बोट टेकवायचं. बोटाखाली जी ओळ येईल ते देवाचं उत्तर. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बरेच जण हौसेने काढतात आणि गोड वचन आलं की खूश होऊन घरी जातात. आप्पांच्या लेखी ती हौस नव्हती. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात ते शाळामास्तर आणि मंडळीचे, म्हणजे चर्चचे, कीर्तनकार होते, आणि आसपासच्या पाच-सहा खेड्यांतली माणसं बैल घेण्याआधी, पोरगी देण्याआधी त्यांच्याकडे वचन काढायला येत. घरात तर कोंबडी विकायची तरी आप्पा विचारत. कोंबड्यांबद्दल शास्त्रात फारसं काही नाही, पण आप्पांना सापडायचं. माझं एक चांगलं स्थळ त्यांनी असंच मोडलं होतं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. पुढे त्या मुलाने दारूपायी नोकरी घालवली आणि मला गप्प बसावं लागलं.

आप्पांनी डोळे मिटले. ओठ हलले. ताप होता, पण हात थरथरत नव्हते. त्यांनी शास्त्र उघडलं आणि बोट टेकवलं.

मग डोळे उघडून त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, कीर्तनात वाचत तशी. 'दुसरा इतिहास' या पुस्तकाचा सोळावा अध्याय होता. यहूदाच्या आसा राजाच्या पायांना रोग जडला, तो फार बळावला, तरी त्या दुखण्यात त्याने परमेश्वराला विचारलं नाही, तो वैद्यांकडे गेला. आणि आसा मेला, असं त्या ओळीत आणि तिच्या पुढच्या ओळीत होतं.

माझा थोरला भाऊ जयवंत भिंतीला टेकून उभा होता, तो मटकन खाली बसला. सिस्टरच्या हातातल्या ट्रेमधली कात्री वाजली. एवढ्या मोठ्या ग्रंथातून, हजारो ओळींतून, सडलेल्या पायाच्या माणसाच्या बोटाखाली सडलेल्या पायाच्या माणसाची ओळ यावी, याला काय म्हणायचं? मी लहानपणापासून ऐकत आले होते की शास्त्र म्हणजे देवाचा श्वास. त्या क्षणी तो श्वास मला मानेवर जाणवला, आणि मला त्याची भीती वाटली.

आप्पांनी शास्त्र मिटून छातीवर ठेवलं. "झालं," ते म्हणाले. "मला घरी न्या."

"घरी नेऊन काय करायचं?" डॉक्टरांचा आवाज चढला. "मास्तर, मीसुद्धा प्रार्थना केल्याशिवाय चाकू उचलत नाही. देवानंच मला हे हात दिलेत ना?"

"दिलेत. पण माझ्यासाठी दिलेले नाहीत. तुम्ही ऐकलंत."

डॉक्टर मला म्हणाले, "शुद्धीवरच्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध मी कापू शकत नाही. संध्याकाळपर्यंत थिएटर तयार ठेवतो. तुम्ही लोक काहीतरी करा." आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी जयवंतला ओढतच बाहेर व्हरांड्यात नेलं.

"दादा, तू सांग त्यांना. तू थोरला आहेस. तुझं ऐकतील."

"काय सांगू?" तो म्हणाला. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, हाताला कायम काळं वंगण असायचं, आणि तसाच हात तो डोळ्यांवर घासत होता. "पाय म्हणलंय, सुवार्ता. डोळा नाही, पोट नाही. पाय. अजून किती सरळ सांगायचं देवानं?"

"म्हणजे मरू द्यायचं त्यांना?"

"मी असं कुठं म्हणलो?"

"मग काय म्हणतोस तू?"

"मला नाही माहीत!" तो ओरडला, आणि व्हरांड्यातल्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या. "माझा बाप आहे तो. पण ऑपरेशन केलं आणि देवाचं ऐकलं नाही म्हणून टेबलावरच गेले, तर तू मला काय म्हणशील? तूच म्हणशील, दादा, तू सांगितलंस."

हे खरं होतं. मी तसं म्हटलंच असतं.

दुपारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब, रेव्हरंड उजगरे, स्कूटरवरून आले. तरुण होते, सेमिनरीतून शिकून येऊन वर्षही झालं नव्हतं. मी त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मार्कच्या शुभवर्तमानात आहे की! पाय अडखळवत असेल तर कापून टाक म्हणून प्रभूनंच सांगितलंय. लंगडा होऊन जीवनात जाणं बरं." मलाही एकदम हायसं वाटलं. हे मला कसं सुचलं नाही, असं वाटलं.

पाळकसाहेबांनी आत जाऊन तेच आप्पांना सांगितलं. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि किंचित हसले.

"पाळकसाहेब, तुम्ही ते शोधून काढलंत."

"शोधलं तरी वचन ते वचनच ना, मास्तर? सगळं शास्त्र ईश्वरप्रेरित आहे."

"आहे. पण मी शोधायला लागलो तर मला पाहिजे ते सापडेल. म्हणून तर मी डोळे मिटतो."

पाळकसाहेब खाटेच्या कडेला बसले. "मास्तर, माझं ऐका. पवित्र आत्म्यानं प्रेरणा दिली ती लिहिणाऱ्यांना. मोशेला, दाविदाला, पौलाला. तुमच्या-माझ्या बोटाला दिलेली नाही."

"ज्यानं एवढ्या लिहिणाऱ्यांचे हात धरले," आप्पा म्हणाले, "त्याला माझं एक बोट धरता येत नाही?"

मी पाळकसाहेबांकडे आशेने बघत होते. त्यांनी प्रार्थना केली, चांगली मोठी केली, आणि मग पाणी पिऊन येतो म्हणून जे गेले ते बराच वेळ आवारातल्या कडुलिंबाखाली पाठमोरे उभे राहिलेले मला खिडकीतून दिसत होते. मला त्यांचा राग आला. आता वाटतं, तिथं उभं राहण्यापलीकडे त्या पोराने तरी काय करायचं होतं.

ताप वाढत गेला. आप्पा मात्र बोलत राहिले. आमची आई मी लहान असतानाच गेली होती, तिच्या कबरीशेजारची जागा त्यांनी केव्हाच मागून ठेवली होती. पुरायची पेटी लिंबाच्या लाकडाची चालेल, सागाची नको. कोणती गीतं म्हणायची, आणि त्यातलं कोणतं जयवंतने सुरू करायचं नाही, कारण तो वरच्या पट्टीत धरतो आणि पुढे सगळ्यांची दमछाक होते. जयवंत रडता रडता हसला. मला हसू आलं नाही. मला त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

आणि त्यातच मला एक गोष्ट खटकली. आप्पांना भीती वाटत नव्हती, हे एक वेळ समजू शकत होते. भाविक माणूस होता. पण त्यांचा चेहरा भाविक दिसत नव्हता, सुटल्यासारखा दिसत होता. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आलेल्या पोरासारखा. मी शिक्षिका आहे, तो चेहरा मला ओळखता येतो.

त्यांचा जरा डोळा लागला तेव्हा मी त्यांच्या छातीवरून शास्त्र उचललं आणि व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. ऊन उतरायला लागलं होतं. मला आता कुणाकडे जायचं राहिलं नव्हतं. मी आयुष्यात कधी स्वतःहून वचन काढलं नव्हतं, आप्पांचा तो प्रांत म्हणून मी नेहमी लांब राहिले होते. पण त्या वेळी मी डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, "तू बोललास ते मला मान्य नाही. दुसरं काहीतरी बोल. मी भीक मागते." आणि शास्त्र उघडून बोट टेकवलं.

आसा राजाचंच पान होतं.

मी शास्त्र मिटलं. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. मी रडायला लागले. देव मला खडसावून सांगत होता की बाई, ऐकायला येत नाही का तुला, किती वेळा सांगू? तिसऱ्यांदा मी मुद्दाम पार शेवटाकडे, प्रकटीकरणाच्या बाजूला अंगठा घातला. पण हातातून पानं निसटली, जाड गठ्ठा आपोआप उलटा सरकला, आणि शास्त्र मधोमध सपाट पडून राहिलं. पुन्हा तेच पान वर.

तेव्हा मी रडायची थांबले.

मी पान नीट बघितलं. त्या जागी शिवणीचा दोरा तुटला होता. पानाचा खालचा कोपरा अंगठ्याच्या तेलाने तपकिरी, जवळजवळ पारदर्शक झाला होता. आसाच्या ओळीवरची शाई पुसट झाली होती, तिच्यावरून बोट पुन्हा पुन्हा फिरवल्यासारखी. कीर्तनकाराच्या शास्त्रात स्तोत्रं झिजतात, शुभवर्तमानं झिजतात. राजांचे इतिहास कोण वाचतं? ती पानं लोक नावं ठेवत उलटतात. आप्पांच्या शास्त्रात स्तोत्रांपेक्षा हे एक पान जास्त झिजलं होतं.

वचन काढायला आप्पा घरातलं मोठं शास्त्र घेत; पहाटे कंदिलाशी मात्र ते हेच शास्त्र घेऊन बसलेले मी लहान असल्यापासून बघत होते. काय वाचताय, असं मी कधी विचारलं नव्हतं. देवमाणूस काय वाचतो हे कुणी विचारत नाही.

ती दोन पानं मी पायरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. मग उठून आत गेले.

आप्पा जागे झाले होते. जयवंत त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होता.

"आप्पा," मी म्हटलं, "हे पान तुम्ही रोज उघडत होतात."

त्यांनी माझ्या हातातल्या शास्त्राकडे पाहिलं.

"हे देवानं उघडलेलं नाही. हे आपोआप उघडतं. बघा." मी शास्त्र त्यांच्या पांघरुणावर उभं धरलं आणि हात सोडले. ते तिथेच उघडलं. मी मिटून पुन्हा सोडलं, पुन्हा उघडलं. जयवंतचा रुमाल हातातच राहिला.

"असं करू नको," आप्पा हळू म्हणाले. "ते शास्त्र आहे."

"मग सांगा. का वाचत होतात?"

त्यांनी तोंड छताकडे फिरवलं.

"तुझ्या आईच्या पोटात दुखायला लागलं," ते म्हणाले. "ज्वारी काढायचे दिवस होते. तुला आठवत नसेल, लहान होतीस. ती घराच्या दारातच वाकडी झाली. मी शेजाऱ्यांची बैलगाडी जुंपली आणि तिला आडवी घालून सडकेला आणली. तिथून ट्रक मिळाला. ह्याच दवाखान्यात आणलं. मी कीर्तनकार माणूस, सुवार्ता. गावाला सांगत फिरायचो, संकटात आधी गुडघे टेका. मी गुडघे टेकले नाहीत. बसून एक शब्द प्रार्थना केली नाही. घाई झाली होती. ती टेबलावरच गेली."

"आप्पा, तिचं आतडं फुटलं होतं. मावशीनं सांगितलंय मला."

"मग पुढं एकदा रोजच्या वाचनात हा आसा आला. मी वाचत होतो आणि त्यानं माझं नाव घेतल्यासारखं झालं. वैद्यांकडे गेला, परमेश्वराला विचारलं नाही. त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय पाऊल उचललं नाही. लोक म्हणायचे, मास्तरांची केवढी श्रद्धा. श्रद्धा कसली? मी भ्यालेलो होतो. पोरगी द्यायची का म्हणून कुणी आलं की मी भीत भीत बोट ठेवायचो. आणि रोज पहाटे हे वाचायचं. मला विसरायचं नव्हतं."

जयवंत रडत होता. मला रडू येत नव्हतं, मला संताप येत होता.

"म्हणून मरायचंय तुम्हाला? आई गेली म्हणून?"

"इतकी वर्षं मी वाट बघतोय, पोरी," आप्पा म्हणाले. "शिक्षा झाली की माणूस मोकळा होतो. ती येतच नव्हती. आता आली, तर तू तिला दारातून परत पाठवतेस."

असलं उत्तर मी ऐकलं नव्हतं आणि पुढेही कुणाकडून ऐकलं नाही. मी खाटेवर, त्यांच्या चांगल्या पायाशी बसले. बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी मूल हसत होतं. मी शास्त्र मांडीवर ओढलं.

"पुढची ओळ काय आहे, आप्पा?"

"कशाच्या पुढची?"

"आसा मेला. त्याच्या पुढची."

"पुढं काही नाही. अध्याय संपतो."

"नाही संपत. इतकी वर्षं रोज वाचताय आणि तुम्हाला माहीत नाही?" मी वाचून दाखवलं. आसाने स्वतःसाठी खोदवलेल्या कबरेत लोकांनी त्याला नेलं. सुगंधी मसाल्यांनी भरलेल्या बिछान्यावर त्याला निजवलं. आणि त्याच्या मानासाठी फार मोठा जाळ केला. "हे कुणी लिहिलं? देवानं टाकून दिलेल्या माणसाला असं कुणी निजवतं का? आणि हे बघा, शेजारच्या पानावर, पंधराव्यात. आसाचं मन त्याच्या सगळ्या दिवसांत पूर्णपणे देवाचं होतं. हे पण त्याच शास्त्रात आहे. तुमच्या बोटाखालची ओळ देवाचा श्वास, आणि तिच्या खालची कुणाचा?"

मी पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"तो वैद्यांकडे गेला असं लिहिलंय. तो मेला असं लिहिलंय. वैद्यांकडे गेल्याची शिक्षा म्हणून देवानं मारला, असं कुठं आहे ते मला दाखवा. मधलं कारण तुम्ही घातलंत. शास्त्रात आपल्या पदरचं घालायचं नाही, हे चिपळ्या वाजवून वाजवून सगळ्या गावाला कोण सांगतं?"

"सुवार्ता, हळू," जयवंत म्हणाला.

"नाही होणार मी हळू!"

आप्पांनी शास्त्र माझ्याकडून घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. चष्मा उशाखाली होता, तो जयवंतने काढून दिला. ते वाचत राहिले. त्यांचं बोट त्या जुन्या जागेवर गेलं, थांबलं, आणि मग एक-एक शब्द करत खाली सरकलं. पुढच्या अध्यायाच्या आकड्यापर्यंत गेलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"आणि मी हो म्हणालो," ते म्हणाले, "आणि तुझ्या आईसारखा आत गेलो तो गेलोच, तर?"



"तर जाल," मी म्हटलं. "मला काय माहीत? मला वचन मिळालेलं नाही, आप्पा. मी तीनदा मागितलं, मला काहीच मिळालं नाही. मला फक्त तुम्ही पाहिजेत. पाय नसला तरी पाहिजेत." आणि मग मात्र मला रडू फुटलं, सगळ्या वॉर्डादेखत, लहान पोरीसारखं.

त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. तापाने भाजत होता.

"जयवंत," ते म्हणाले, "डॉक्टरांना बोलव जा. मी लिहिणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसलो होतो रे. माझं बोट ते माझंच बोट."

डॉक्टर आले, पट्टी वर उचलून बघितली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सकाळपासून चट्टे गुडघ्यापर्यंत आले होते. "आता गुडघ्याच्या वरून कापावा लागेल," ते म्हणाले. "आणि आता मी खात्री देत नाही." आप्पांनी मान हलवली. सही करताना त्यांचा हात पहिल्यांदा थरथरला.

दिवेलागणीला त्यांना आत नेलं. आम्ही दोघं थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबही आले आणि काही न बोलता आमच्याशेजारी बसले. मधे शास्त्र होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. वेळ जाता जाईना. जयवंतने दोनदा शास्त्राकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा हात पुढे केला.

"एकदाच," तो म्हणाला. "नुसतं बघू."

"नको."

"दुसरं पान धरून उघडू."

"दादा, नको."

त्याच्यापेक्षा मला जास्त उघडायचं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. एक ओळ, एक शब्द, कसलाही. तुझा बाप जगेल, किंवा मरेल, पण सांग. असं न कळता बसणं मला सहन होत नव्हतं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आप्पा इतकी वर्षं बोट का टेकवत होते. मी शास्त्रावर हात ठेवला. जयवंतने माझ्या हातावर त्याचा हात ठेवला. आम्ही ते मिटलेलंच धरून बसलो. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले की आहेत, अजून आहेत, रात्र निघू द्या.

रात्र निघाली. सकाळी त्यांनी डोळे उघडले तेव्हा ऊन पांघरुणावर आलं होतं आणि पांघरूण एका बाजूला सपाट होतं. त्यांनी तिकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी ओला कापूस त्यांच्या ओठांना लावला.

"वचन काढलंत का कुणी?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"मग एवढा वेळ काय केलंत?"

"काही नाही. बसलो होतो."

त्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटून मी उठायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुझी आई आत जाताना एक बोलली होती मला," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, मला कान जवळ न्यावा लागला. "स्ट्रेचरवर होती. कळा येत होत्या, तरी हसली. म्हणाली, बरं झालं बाई तुम्ही लगेच गाडी जुंपलीत. मला भीती होती, तुम्ही आधी प्रार्थनेला बसाल."

मी पुन्हा खाटेवर बसले.

"हे तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत."

"मी मलाच सांगितलं नव्हतं," आप्पा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून, खांदे हलवत, आवाज न करता रडायला लागले.